वाचक विचारतात : जुना दगडी पूल किती भरवशाचा?

पावसाळा जवळ आला की जुन्या पुलांविषयीची पत्रे वाढतात. या खेपेस आलेले बहुतेक प्रश्न दगडी कमानींच्या, इंग्रजी आमदानीतल्या आणि आजही एसटी, ट्रॅक्टर, डंपर वाहून नेणाऱ्या पुलांचे आहेत. त्यामुळे उत्तरांतही त्यांनाच जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : इंग्रजांच्या पुलांची मुदत १०० वर्षांची असते आणि ती संपली की बांधणारी कंपनी विलायतेहून पत्र पाठवते, असे आमच्याकडे सगळेच सांगतात. आमचा पूल १९२० च्या सुमाराचा आहे. तो आता धोक्याचा समजायचा का? (रायगड जिल्हा)

केवळ वयावरून तसे समजू नका. औषधाच्या बाटलीवर असते तशी तारीख दगडी कमानीला नसते. कमानीतला प्रत्येक दगड शेजारच्या दगडाने दाबून धरलेला असतो आणि दाब सोसण्यात आपला काळा दगड पटाईत आहे. आत गंजायला लोखंडही नसते. पणजीहून रायबंदरला जाणारा लिन्हारिशचा पूल १६३३-३४ मध्ये बांधलेला, तीन किलोमीटरहून लांब आहे आणि त्यावरून आजही वाहने जातात. उलट गुजरातेत मही नदीवरचा गंभीरा पूल १९८५ चा, म्हणजे अवघ्या ४० वर्षांचा होता. तो ९ जुलै २०२५ रोजी वाहनांसह कोसळला.

तुमच्या जिल्ह्यातला सावित्रीचा पूल १९२८ चा होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो महापुरात गेला, दोन एसटी बस आणि इतर वाहने घेऊन. तेव्हा त्याचे वय ८८ होते. मुदतीचा हिशेब धरला तर त्याची १२ वर्षे अजून शिल्लक होती. या समजुतीचा खरा धोका इथे आहे. शंभरी भरलेल्या चांगल्या पुलाला लोक घाबरतात आणि शंभरी न भरलेल्या, पाया उघडा पडलेल्या पुलावरून निर्धास्त जातात.

वयाचा संबंध येतो तो वजनाच्या बाबतीत. इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था १९३४ मध्ये स्थापन झाली आणि रस्त्यावरील पुलांसाठी तिचे भाराचे नियम त्यानंतर आले. त्याआधीचा पूल बैलगाड्या, लष्करी तोफगाडे आणि वाफेचे रोलर डोळ्यांसमोर ठेवून बांधलेला असतो. तो आजचा भार पेलू शकतो का, हे मोजून ठरवावे लागते. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

प्रश्न : पूर ओसरल्यावर पुलाखाली नदी नेहमीसारखीच दिसते. मग पायाखालची माती गेली आहे की नाही, हे कळणार कसे? (रत्नागिरी जिल्हा)

आलेल्या पत्रांत सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

पुराचे पाणी खांबाच्या नाकावर, म्हणजे प्रवाहाकडच्या टोकावर, आदळते, तिथून खाली वळते आणि खांबाच्या बुडाशी भोवरा घालत तळ उकरते. खड्डा सर्वांत खोल असतो तो पूर ऐन भरात असताना. पाणी उतरू लागले, वेग कमी झाला की त्याच खड्ड्यात गाळ आणि बारीक वाळू येऊन बसते. आठवड्याने पाहणी करायला आलेल्या माणसाला तळ सपाट दिसतो. खांब मात्र आता घट्ट मुरुमावर नसून कालपरवाच्या सैल गाळात उभा असतो. पुढच्या पुरात हा गाळ पहिल्या काही तासांतच निघून जातो.

म्हणून डोळ्यांवर विसंबू नका, मोजा. पाच-सहा किलोचे शिशाचे किंवा लोखंडी वजन आणि दर १० सेंटिमीटरला खूण केलेली दोरी एवढे पुरते. कठड्याच्या माथ्यावर पक्क्या रंगाने खुणा करा : प्रत्येक खांबाच्या नाकाशी, दोन्ही कुशींना, खालच्या अंगाला आणि प्रत्येक गाळ्याच्या (दोन खांबांमधल्या मोकळ्या अंतराच्या) मध्यावर. त्या खुणांपासून तळापर्यंतची खोली मे महिन्यात एकदा आणि पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात एकदा लिहून ठेवा. मोजणी दरवर्षी त्याच खुणेवरून झाली पाहिजे, नाहीतर आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. खांबाजवळचा तळ गाळ्याच्या मध्यापेक्षा अर्धा मीटर किंवा जास्त खोल जात असेल, तर तो कागद घेऊन अभियंत्याकडे जाण्यात वेळ घालवू नका. पाणी आटल्यावर १६ मिलिमीटरची टोकदार सळई खांबालगत हाताने दाबून पाहा. मूळ तळ असेल तर ती दोन-चार इंचांत थांबते, भरून आलेला खड्डा असेल तर सहज हात-दीड हात आत जाते. हे सगळे पाणी कमी असतानाच करायचे. पुरात कठड्यावरून वाकून मोजणी करू नका.

खड्डा किती खोल जाऊ शकतो याचा अंदाज अभियंते लेसीच्या सूत्राने काढतात. नदीच्या रुंदीच्या दर मीटरमागे सेकंदाला १० घनमीटर पाणी जात असेल आणि तळ मध्यम वाळूचा, म्हणजे गाळाचा गुणक (कणांच्या जाडीवरून ठरणारा आकडा) १.५ असेल, तर सरासरी खोली पूररेषेपासून सुमारे ५.४ मीटर येते. खांबापाशी ती दुप्पट धरतात, म्हणजे जवळजवळ ११ मीटर. पाया त्याच्याही खाली हवा. हे सूत्र वाळू-मातीच्या तळाचे आहे. देशावरच्या पुष्कळ नद्यांत पात्रातच काळा खडक उघडा असतो आणि खांब थेट त्यावर उभे असतात. तिथले दगडी पूल टिकण्याचे मोठे कारण हेच. कोकणात डोंगरउताराला खडक आणि खाली आल्यावर गोटे, वाळू, गाळ असे पात्र झपाट्याने बदलते. त्यामुळे 'शेजारच्या गावचा पूल खडकावर आहे, म्हणजे आपलाही असेल' असे धरून चालता येत नाही.

उपाय करताना ४० किलोपेक्षा हलका दगड पायाभोवती टाकू नये, तो पुरात वाहून जातो. लहान दगडच मिळत असतील तर ते तारेच्या जाळीत बांधून घालावेत. खांबाभोवती काँक्रीटचा जाड वेढा देताना जपावे लागते. चार खांबांना प्रत्येकी अर्धा मीटर जाडी दोन्ही बाजूंनी वाढवली तर नदीची वाट चार मीटरने अरुंद होते, वेग वाढतो आणि उकराई आणखी खोल जाते. पुलाच्या खालच्या अंगाला वाळूउपसा चालू असेल, तर तो खड्डा दरवर्षी वर सरकत पुलापर्यंत येतो. पायाभोवती कितीही दगड टाकले तरी उपसा थांबल्याशिवाय ते टिकत नाहीत.

प्रश्न : कमानीच्या पोटाला भेगा दिसतात. कोणत्या भेगेला घाबरायचे? (सातारा जिल्हा)

भेग कोणत्या दिशेने जाते ते आधी पाहा.

रस्त्याच्या दिशेने, कमानीच्या कडेपासून हात-दोन हात आत धावणारी भेग फार पुलांत असते. वर रस्ता फुटलेला असतो, पाणी आत मुरते, कमानीवरचा मुरूम-मातीचा भराव फुगतो आणि बाजूच्या भिंतीला बाहेर ढकलतो. भिंत कमानीची कड घेऊन वेगळी होऊ लागते. कठड्यावरून ओलंबा सोडून भिंत फुगली आहे का ते पाहा. उपाय म्हणजे आधी पाण्याची वाट बंद करणे, पाणी काढणाऱ्या नाळ्या मोकळ्या करणे, आणि फुगवटा वाढत असेल तर पुलाच्या आरपार लोखंडी सळया घालून दोन्ही बाजूंना पाट्या आवळणे.

आडवी, म्हणजे पुलाच्या रुंदीभर जाणारी भेग जास्त गंभीर. तिथे कमान बिजागरीसारखी उघडू लागलेली असते. कमान तीन बिजागऱ्यांवर उभी राहू शकते, चौथी झाली की ती कोसळण्याच्या वाटेला लागते. माथ्यावर पोटाच्या बाजूने एक आणि पायथ्याजवळ एक अशा आडव्या भेगा दिसल्या, त्यातच माथ्याचा दगड किंचित खाली उतरला असेल, तर जड वाहने त्याच दिवशी थांबवावीत आणि मग पत्रव्यवहार करावा.

कमानीच्या पायथ्यापासून तिरपी वर चढणारी भेग पाया एका कोपऱ्यात खचल्याचे सांगते. तिचे उत्तर कमानीत नाही, नदीच्या तळाशी शोधायचे.

पांढरे ओघळ किंवा चुन्याच्या बारीक कांड्या लोंबत असतील, तर वरून मुरणारे पाणी सांध्यातला चुना विरघळवून आणते आहे. ही अवस्था वेळेवर आणि स्वस्तात सुधारता येते.

भेग जुनी आहे की चालती, हे ठरवायला तिच्या दोन्ही बाजूंना पितळी खिळे बसवून त्यांतले अंतर दर महिन्याला व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या पट्टीने) मोजा. काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना चिकटवून तारीख लिहिली तरी चालते. पट्टी तुटली की हालचाल सिद्ध होते, पण किती झाली ते मात्र कळत नाही. भेगांवर सिमेंटचा गिलावा किंवा गनायटिंग (दाबाने फवारलेले सिमेंट-वाळू) मारून टाकणे आम्हाला मुळीच पसंत नाही. भेग झाकली जाते आणि पाणी आत कोंडते. पुढच्या पाहणीत पाहायला काही उरत नाही.

प्रश्न : दर दोन-तीन वर्षांनी पुलावर डांबराचा नवा थर येतो. त्याने पूल मजबूत होतो का? (अहिल्यानगर जिल्हा)

नाही. ५० मिलिमीटरचा एक थर दर चौरस मीटरला सुमारे ११५ किलो वजन घालतो. १०० मीटर लांब, ६ मीटर रुंद पुलावर एका थराचे ६९ टन होतात. चांगल्या कमानीला या वजनाचे फारसे वाटत नाही, पण लोखंडी किंवा काँक्रीटच्या तुळयांच्या पुलाला वाटते. दगडी पुलाचे नुकसान वेगळ्या वाटेने होते. प्रत्येक थराने कठडा दोन इंच बुटका होतो आणि पाणी जाण्याची भोके बुजतात. जुना थर खरवडून काढा, भोके मोकळी करा आणि मगच नवा घाला, अशी मागणी करा.

प्रश्न : आमच्या पुलावरून वाळू-खडीचे डंपर आणि हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जातात. पूल किती टन पेलतो हे कसे काढतात? वजनबंदी कोणाकडे मागायची? (सांगली जिल्हा)

कमानीच्या पुलासाठी पहिला अंदाज काढायची एक जुनी पद्धत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश लष्कराने ती बसवली. कमानीच्या दगडाची जाडी आणि माथ्यावरच्या भरावाची जाडी मीटरमध्ये घेऊन बेरीज करा, तिचा वर्ग करा, ७४० ने गुणा आणि गाळ्याच्या लांबीच्या १.३ व्या घाताने भागा. गाळा ९ मीटर, कमान ६० सेंटिमीटर, भराव ४५ सेंटिमीटर असेल तर उत्तर सुमारे ४७ टन येते. हे जोड-एक्सलवरचे, म्हणजे जवळजवळ बसवलेल्या दोन एक्सलवरचे मिळून, वजन आहे, संपूर्ण गाडीचे नव्हे.

आता त्याला पुलाच्या अवस्थेप्रमाणे कात्री लागते. कमानीची उंची गाळ्याच्या चौथ्या हिश्श्याएवढी किंवा जास्त असेल तर आकाराची कात्री नाही. सांधे रुंद आणि चुना गेलेला असेल तर ०.८. भेगा, निखळलेले दगड, ओल पाहून अवस्थेचा गुणक, समजा ०.६. म्हणजे ४७ चे साडेबावीस टन झाले. अवस्थेचा गुणक ०.४ च्याही खाली जात असेल तर हिशेब बाजूला ठेवून आधी दुरुस्तीच पाहावी. आणि ही पद्धत लहान, १२ मीटरच्या आतल्या गाळ्यांना जरा उदार ठरते, हेही ध्यानात असू द्या.

आता गाडीकडे या. २०१८ मध्ये केंद्राने एक्सलभाराच्या मर्यादा वाढवल्या. चार चाकांचा एक एक्सल १०.२ वरून ११.५ टनांवर गेला आणि जोड-एक्सल १९ वरून २१ टनांवर. म्हणजे वरच्या उदाहरणातला पूल कायदेशीर गाडी जेमतेम पेलतो. पण वाळूचा एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, कोरडी असली तरी साडेचार टन. सहा ब्रास भरले की २७ टन, गाडीचे स्वतःचे ११ धरले तर ३८ टन, आणि त्यातले ३० टनांच्या घरातले वजन मागच्या जोड-एक्सलवर. त्यात पुलाच्या तोंडाशी खड्डा असेल तर चाक आपटून भार आणखी वाढतो. पोहोच रस्त्याचा तो खड्डा भरणे हे पुलासाठी करता येण्यासारखे सर्वांत स्वस्त काम आहे. पुलावर गतिरोधक मात्र घालू देऊ नका.

वजनबंदीसाठी आधी रस्ता कोणाचा ते पाहा. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. त्या विभागाच्या कार्यकारी अभियंत्याकडे ग्रामसभेचा ठराव, भेगांची तारखेसह छायाचित्रे आणि वरच्यासारखी मापे द्या. वाहनबंदीचा आदेश मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ खाली निघतो, त्यामुळे अर्जाची प्रत जिल्हाधिकाऱ्यांनाही द्या. नुसती पाटी पुरत नाही. दोन्ही टोकांना लोखंडी उंची-कमान उभी राहिली तरच डंपर अडतात, पण एसटीची उंची आणि अग्निशमन गाडीचा मार्ग विचारात घेऊन ती बसवावी लागते. सोबत १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका आणि नेमके मागा : पुलाचा मूळ नकाशा, गेल्या तीन वर्षांच्या पावसाळ्यापूर्वीच्या आणि नंतरच्या पाहणीची नोंद, पायाची पाण्याखालची तपासणी झाली असल्यास तिचा अहवाल. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. 'पुलाच्या सद्यःस्थितीची माहिती मिळावी' असे मोघम लिहिले तर उत्तरही मोघम येते.

प्रश्न : पुलाच्या भिंतीत पिंपळ आणि उंबर उगवले आहेत. दर वर्षी छाटतो, पुन्हा येतात. सांधे सिमेंटने भरून टाकले तर? (कोल्हापूर जिल्हा)

छाटल्याने वर फुटवा येतो आणि आत मूळ जाडच होत जाते. ओढून उपटाल तर मुळासोबत दगड येईल. पावसाळा संपल्यावर खोड भिंतीलगत कापा, ताज्या कापावर १०-१२ मिलिमीटरची भोके खाली उतरती पाडा आणि मुळापर्यंत जाणारे तणनाशक काही मिनिटांतच भरा. उशीर झाला की काप वाळतो आणि औषध आत जात नाही. खाली नदी आहे, थेंब सांडू नये, म्हणून हे काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. मूळ मरायला काही महिने द्या. ते सुकून सैल झाले की भोवतीचे दगड काढून, मूळ काढून, त्याच दगडांनी भिंत पुन्हा बांधायची.

दरजा भरायला सिमेंट नको, चुनाच हवा. सिमेंटचा सांधा ताठ आणि बंद असतो. पूल उन्हात फुगतो, थंडीत आकसतो, गाडीखाली सूक्ष्म हलतो. चुना ते सोसतो, सिमेंट कडेने सुटते आणि त्या फटीतून पाणी आत जाऊन अडकते. गोव्या-कोकणातल्या जांभ्याच्या बांधकामात तर सांधा दगडापेक्षा कडक झाला की दगडच झिजून मागे सरतो आणि सिमेंटची जाळी पुढे राहते. जुना सांधा त्याच्या रुंदीच्या दुप्पट, निदान २५ मिलिमीटर खोल खरवडा, पाण्याने धुऊन ओला करा, पाण्यात घट्ट होणारा चुना १ भाग आणि चाळलेली धारदार वाळू २ भाग असा मसाला दाबून भरा. वर ओले गोणपाट आठ-दहा दिवस ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ याला उत्तम. भिंतीतली पाणी निघायची भोके गवंडी हटकून बुजवतात. काम चालू असताना त्यांत लाकडी खुंट्या घालून ठेवा आणि नंतर काढा.

प्रश्न : जुन्या पुलाचे दगडी कठडे गाडी थोपवतात का? (कोल्हापूर शहर)

भरवसा नाही. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री तुमच्याच शिवाजी पुलावर मिनी बस कठडा तोडून पंचगंगेत गेली आणि १३ जणांचा जीव गेला. पर्यायी पुलाचे काम त्या वेळी जवळच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या संरक्षित क्षेत्रापासून १०० मीटरच्या आत बांधकाम नको, या नियमात अडकून पडले होते. ४५ सेंटिमीटर जाड आणि ९० सेंटिमीटर उंच दगडी कठड्याचे वजन मीटरला टनभर भरते, पण तो केवळ त्या वजनावर आणि जुन्या चुन्यावर उभा असतो. माणूस आणि बैलगाडी पडू नये एवढ्यासाठीच तो बांधलेला आहे. त्याच भिंतीत सळया ठोकून काँक्रीटचा कठडा उभारणे चुकीचे, कारण धडकेत तो बाजूची भिंतही ओढून नेतो. कठडा रस्त्याच्या पूर्ण रुंदीभर टाकलेल्या लोखंड-काँक्रीटच्या स्लॅबमध्ये गुंतवावा लागतो. ते होईपर्यंत वेग ३० वर आणणे, टोकांना चमकपट्ट्या आणि दिवे लावणे, वळणावर चुना-रंगाच्या खुणा ताज्या ठेवणे एवढे तरी उद्यापासून करता येते.

प्रश्न : मुंबईत रेल्वेवरचे जुने पूल पाडत आहेत. मग दगडी पूल का ठेवायचे? (ठाणे)

दोन्हींची जात वेगळी आहे. १८६८ चा कर्नाक पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये पाडला, त्यासारख्या रेल्वेवरच्या जुन्या पुलांचा भार लोखंडी तुळयांवर असतो. समुद्राची हवा आणि वरून झिरपणारे पाणी त्यांना खाते, विशेषतः तुळईची टोके जिथे टेकतात तिथे, कारण कचरा आणि ओल तिथेच साठते. लोखंडाचा पत्रा अर्धा झिजला की ताकद गेलीच. दगडी कमानीत भरणी बदलता येते, सांधे भरता येतात, दगड पुन्हा बसवता येतो.

प्रश्न : पाणी पुलावरून जात असताना, ते गुडघ्याच्या आत असेल तर एसटी नेता येते का? (नांदेड जिल्हा)

नेऊ नये. ३० सेंटिमीटर वाहते पाणी मोटारीला तरंगवू शकते आणि ६० सेंटिमीटरला बहुतेक वाहने वाहून जातात. शिवाय त्या वेळी पूल स्वतःच सर्वांत अशक्त असतो. सेकंदाला ४ मीटर वेगाचे पाणी गोल नाकाच्या खांबावर चौरस मीटरला साडेपाचशे किलोचा रेटा देते, चौकोनी खांबावर साडेबाराशेचा. बुडालेल्या दगडाचे वजन घनमीटरमागे टनभराने घटते, आणि कठड्याला अडकलेली झाडे-झुडपे रेटा वाढवतात. खालचा तळ त्याच घटकेला उकरला जात असतो आणि वरून त्याचा पत्ता लागत नाही.

पाणी उतरल्यावर लगेच रहदारी सोडू नका. कठड्याची रेषा एका टोकाला बसून डोळ्याने पाहा, सरळ आहे का. दोन्ही तोंडांशी रस्ता खचला आहे का, पहारीने ठोकून पोकळ आवाज येतो का ते तपासा. अडकलेली झाडे काढा आणि वर सांगितल्याप्रमाणे प्रत्येक खांबाशी दोरी सोडून मे महिन्याच्या आकड्याशी ताडा. दिवसाउजेडी, आधी पायी माणसे, मग हलकी वाहने, आणि अभियंत्याची लेखी परवानगी मिळाल्यावरच एसटी.